राजारामपुरीतली बांडी

शनिवारी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला राजारामपुरीतल्या भर रस्त्यात मी हाळी दिली. द्यायची असं काही ठरवलं नव्हतं. दवाखाना उघडायची वेळ, हातात डबा, अंगावर पांढरा ॲप्रन, आणि शेजारून चालणारी नुजहत मला तिच्या नणंदेच्या लग्नातला मेकअप कसा फसला ते रंगवून सांगत होती. नुजहत माझी खोलीतली जोडीदारीण आणि दवाखान्यातलीही. समोरून सागरमाळाकडं निघालेल्या पंधरा-वीस म्हशी रस्ता ओलांडत होत्या. कोल्हापुरात म्हशींना कुणी अडवत नाही. गाडीवाले हॉर्न वाजवतात तेसुद्धा आपण आहोत हे कळवण्यापुरते. त्यातली मागची एक मधेच थांबली, आणि वळणावरून केएमटीची बस आली. माझ्या तोंडून हाळी गेली. होऽऽ हिर्र्योऽऽ अशी, पोटातून काढायची आणि शेवटी जीभ टाळूला लावून सोडायची. आमच्या धनगरवाड्यावर प्रत्येक घराची हाळी वेगळी असते आणि ही केरबा झोऱ्यांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, आबांच्या घरची. सहा वर्षं शहरात राहून मी आवाज बारीक करायला शिकले होते, फोनवर 'हो' म्हणायला शिकले होते, आणि तरी ती निघायची तेव्हा निघालीच. रिक्षावाले वळून बघायला लागले. बस थांबली. बाकीच्या म्हशी आपल्या वाटेनं गेल्या, पण ती एक दोन मोपेडींच्या मधून वाट काढत सरळ माझ्याकडं आली आणि तिनं आपलं ओलं नाक माझ्या ॲप्रनच्या खिशात घातलं.

डावा कान मधोमध फाटलेला. ती वासरू असताना बिबट्यानं धरला होता, आणि आईनं जळकं लाकूड फेकून सोडवला होता. शेपटीचं टोक पांढरं, म्हणून बांडी. मला काही शंका घ्यायला जागाच नव्हती. कळपामागून लुंगी वर धरत एक पांढऱ्या दाढीचे म्हातारबा आले. "पावणं, वळखीची दिसतीया," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी विचारीन म्हणून थांबल्यासारखे. मी काहीच विचारलं नाही. माझी जीभ तेवढी हाळी देऊन रिकामी झाली होती. मग त्यांनीच म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, "सांजच्याला गोठा उघडाच असतोय. टाकाळ्याला गैबीचा गोठा म्हनलं की कुणीबी सांगंल," असं म्हणून ते कळपामागं निघून गेले. बांडी दोनदा थांबली, तिसऱ्यांदा थांबली नाही. नुजहतनं माझ्या खिशाकडं बघितलं, लाळेनं भरला होता. "तू पहचानती है क्या इसको?" ती म्हणाली. मी म्हटलं, आमची आहे. आणि मग शटर उघडताना माझ्या लक्षात आलं की आमची असती तर ती इथं कशाला असती.

हे कुणाला समजावून सांगायचं तर मोठी पंचाईत आहे. म्हैस विकली गेली, बरं मग, असं कुणीही म्हणेल, नुजहतही म्हणालीच. पण आमच्या वाड्यावर मुलगी झाली की त्या साली झालेली एक रेडी तिच्या नावानं सोडतात. ती मुलीची. तिची वासरं मुलीची, वासरांची वासरं मुलीची. आबा कितीही अडले तरी बाजाराला न्यायचे ते दुसरं जनावर. मुलगी नांदायला गेली की तिची म्हैस तिच्या मागोमाग डोंगर उतरून जाते; वरातीत नवरा पुढं की म्हैस पुढं यावरून आमच्यात भांडणं झालेली आहेत. बांडी ही माझ्या नावच्या म्हशीची नात. लेकीची म्हैस विकत नाहीत, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येतं. माझ्या माहितीत ती एकदाच विकली गेली. शालूबाई माझी आत्या. हिरडा न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर ती गोव्याला गेली, आणि तिसऱ्या दिवशी आजोबांनी तिची म्हैस राधानगरीच्या बाजाराला लावली. मी सात वर्षांची असेन. पुढं दोन-तीन वर्षांनी शालूआत्या आली होती. भारीतली साडी, हातात मिठाईचा पुडा. बाहेरच्या दगडावर बसली, आईनं पाणी दिलं ते प्याली, गोठ्यात एकदा डोकावली आणि गेली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती, दावं रिकामं होतं.

त्या दिवशी मी चौदा जणांची साखर तपासली आणि एकाच्या बोटातून दोनदा रक्त काढलं. तो सज्जन माणूस, दुसऱ्यांदाही त्यानं बोट पुढं केलं. डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, "प्रियदर्शनी, लक्ष कुठाय?" प्रियदर्शनी हे नाव शाळेतल्या गुरुजींनी घातलं, वाड्यावर ते कुणी वापरत नाही, तिथं मी पिरी. बाईंना वाटलं सोमवारचं टेन्शन आहे. होतंच. सोमवारी मला सरकारी नोकरीचा पसंतीचा अर्ज भरायचा होता. माझं नाव परिचारिकांच्या यादीत लागलं होतं आणि माझ्यापुढं दोन जागा होत्या: एक आमच्या घाटाच्या पायथ्याचं आरोग्य उपकेंद्र, आणि एक इथलं, शहरातलं रुग्णालय. पायथ्याच्या जागेला दुसरं कुणी अर्ज करणार नव्हतं. वाड्यावर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की पिरी खाली येणार. आई तर म्हणाली होती, "आता सुई टोचाय कुणाच्या पाया पडाय नगं." एसटी जिथून माघारी वळते तिथून आमचा वाडा दीड तासाच्या चढावर, पावसाळ्यात ओढा आला की तेही नाही. आजारी माणसाला झोळीत घालून आणतात. मुलाखतीत मी हे सगळं सांगितलं, झोळीचं, ओढ्याचं, आणि त्यामुळंच मला नर्स व्हावंसं वाटलं असंही सांगितलं, समितीतल्या बाईंचे डोळे भरून आले. खरं म्हणजे नववीत असताना राधानगरीच्या दवाखान्यात मी एका सिस्टरचे पांढरे बूट पाहिले होते. इतके पांढरे बूट घालून माणूस दिवसभर चालू शकतं, म्हणजे तिथं चिखल नसणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि मला इथं आवडतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आमची दहा बाय बाराची खोली आवडते, सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं तो गुरगुराट आवडतो, क्लासला निघालेल्या पोरापोरींची गर्दी आवडते, संध्याकाळी नुजहतबरोबर भेळेच्या गाडीशी उभं राहून जादा कांदा मागायला आवडतं. रस्त्यानं जाताना मी कुणाची कोण हे एकालाही माहीत नसतं, ते तर फारच आवडतं. शहरात आलेल्या मुलीनं तळमळावं अशी एक रीत आहे. कॉलेजात होस्टेलच्या मुली रडायच्या, मला विचारायच्या, तुला रानाची आठवण येत नाही का गं? यायची की. नाचणीची भाकरी तव्यावर फुगते त्या वासाची यायची, धुक्यात म्हशी दिसत नाहीत आणि नुसत्या घंटा येतात त्याची यायची, करवंदाच्या जाळीत हात घालताना आत काय असेल या भीतीची पण यायची. मी वाड्यावर सुखात वाढले. मार खाल्ला, जळवा काढल्या, गव्याला बघून झाडावर चढले, आणि तरी सुखातच. पण आठवण येणं आणि परत जावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली दुसरी मला कधी झालीच नाही. मी वाट बघितली. पहिल्या वर्षी नाही झाली, दुसऱ्या वर्षी होईल म्हटलं. सहा झाली.

याची मला लाज वाटते. म्हणून गेले दोन महिने मी घरी गेलेच नव्हते, ड्यूटीचं कारण सांगत होते. शेवटची गेले ती श्रावणात, कागदपत्रं आणायला. आमच्याकडं कागद पत्र्याच्या डब्यात घालून आढ्याला चुलीवर टांगतात, ओल लागू नये म्हणून. दाखले, गुणपत्रिका, जातीचा कागद, सगळ्याला धुराचा वास. मी डबाच खाली काढला आणि सगळे कागद पिशवीत भरले, एकही ठेवला नाही. आई बघत होती. आबा उंबऱ्यात बसून दावं वळत होते, त्यांनी मान वर केली नाही. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि चढ उतरताना मला हलकं वाटलं होतं. आता दवाखान्यात खुर्चीवर बसून मी पुन्हा पुन्हा तिथंच येत होते. मी परतणार नाही हे आबांनी त्यावरून ओळखलं. ओळखलं, आणि शालूआत्याच्या रांगेत मला बसवलं. राग आला मला. ज्या ओझ्याला मी दोन महिने घाबरत होते ते त्यांनी मला न विचारता परस्पर उतरवून टाकलं होतं. खरं तर मी सुटले होते, आता कुठलाही रकाना भरायला मोकळी. आणि मला भर दुपारी औषधांच्या कपाटामागं उभं राहून रडू येत होतं. अर्ज भरायच्या आधीच घर गेलं होतं. मी सोडणं वेगळं आणि त्यांनी काढून टाकणं वेगळं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि आपण किती अप्पलपोट्या आहोत हेही मला दिसत होतं.

सहाला दवाखान्यातून सुटले तशी टाकाळ्याला गेले. नुजहत बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. गोठा एका अपार्टमेंटच्या मागं होता. वरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते आणि खाली शेणाचा, पेंडीचा, ओल्या वैरणीचा वास. माझे खांदे आपोआप खाली आले. गैबीचाचा, सकाळचेच ते म्हातारबा, बाजेवर बसून बादल्या मोजत होते आणि त्यांची बायको सुलतानबी धार काढत होती. बांडी दावणीच्या तिसऱ्या खुंट्याला. मी सरळ विचारलं, "ही म्हस तुम्ही कधी इकत घेतलीसा?"

"इकत?" चाचांनी बादली खाली ठेवली. "कोन म्हंतंय? म्या इकत घेतली न्हाय."

"मग?"

"आता इचारलंस न्हवं? मग सांगतो. तू इचारल्याबिगर सांगायचं न्हाय असं वचन घेतलंय तुझ्या बानं." ते आत वळून म्हणाले, "ऐकलंस का, आली गं केरबाची लेक." सुलतानबी हसली, हात थांबवला नाही. मग चाचांनी सांगितलं ते असं. आबांची आणि त्यांची राधानगरीच्या बाजारातली जुनी ओळख. वीस दिवसांमागं आबा बांडीला घेऊन आले. टेंपोत ती चढेना, म्हणून तीन दिवस चालत. भोगावतीच्या काठाकाठानं, रात्री कुणाच्या तरी ओसरीला. आले आणि म्हणाले, माझी लेक हितं ऱ्हायली, तिची म्हस तिकडं ठिऊन आमच्यात चालत न्हाय. तुमच्या दावनीला बांधा. दूध तुमचं, म्हस तिची. "म्या म्हनलं, लगीन झालं का काय पोरीचं? तर म्हनला, न्हाय, नोकरी लागली. म्हनलं, मग तिला जाऊन सांग की, दवाखाना तर हितं दोन गल्ल्या सोडून. तर म्हनतोय, तिनं मला अजून सांगितलं न्हाय, मग म्या तिला का सांगू?"

मी बाजेच्या टोकावर बसले. माझे आबा असेच आहेत. एकदा आईशी अबोला धरला तर चार महिने त्यांनी म्हशीकरवी निरोप दिले होते. चुलीसमोर उभं राहून गोठ्याकडं तोंड करून म्हणायचे, भूक लागलीया गं चांदे. "मला भेटलेसुदिक न्हाईत," मी म्हटलं.

"आलता की दवाखान्यासमोर. हुबा हुता पलीकडच्या अंगाला अर्धा तास. तू एका पोरीसंगं भेळ खात हुतीस म्हनं. लई हासत हुतीस म्हनं. मी म्हनलं, मग हाक का मारली न्हाईस? तर म्हनतोय, रस्ता वलांडायचं भ्या वाटलं." चाचा हसले. "अस्वलाच्या रानात ऱ्हानारा मानूस, रिक्षाला भ्यालं."

मला ती संध्याकाळ आठवेना. नुजहतबरोबर मी रोजच हसते. कुठल्या दिवशीचं ते हसणं, त्यात काय होतं, आबांनी पटका बांधला होता की काढून काखेत धरला होता, मी रस्त्यापलीकडं एकदाही कसं बघितलं नाही. वीस दिवस मी भेळ खाल्ली, हसले, घरी फोन करून ड्यूटी आहे म्हणाले, आणि तोवर माझी पाठवणी होऊन गेली होती. नवरा नाही, वरात नाही. आबांनी रीत मोडली नव्हती. त्यांनी ती मला लागू केली होती, शालूआत्याला कुणी केली नाही ती, आणि माझ्या आधी वाड्यावरची कुठली लेक नोकरीसाठी गेलीच नव्हती. त्यांना ती अशीही लावता येते हे कुठून सुचलं असेल, तीन दिवस चालताना की डबा रिकामा झाला त्याच दिवशी, ते मी त्यांना कधीच विचारू शकणार नाही. मला फार बरं वाटलं. एवढं बरं की उठून काहीतरी काम करावंसं वाटायला लागलं, म्हणून मी सुलतानबीला म्हटलं, चाची, बांडीची मी काढते.

तिनं जागा दिली. मी ॲप्रन खोचून बसले, कास धुतली, हाताला सवय होतीच. बांडीनं मान वळवून माझा वास घेतला, खांदा चाटला, चार धारा दिल्या आणि थांबली. मी थोपटलं, आमचं गुणगुणणं गुणगुणले. नाही. सुलतानबी बाजूला उभी होती ती म्हणाली, "बाई गं, पयले आठ दिस तिनं आमालाबी असंच केलतं. पान्हा चोरायची. आंबोण पुढं ठिवलं तर तोंड फिरवायची, तुझ्या रानाकडं बघत हुबी. मग आपसूक सोडला की." आणि ती बसली, तिनं नुसता हात लावला आणि बादलीत सर सुरू झाली, जाड, फेसाची. नव्या जागी जनावराचा जीव लागला नाही तर ते दूध वर ओढून धरतं. कितीही खायला घाला. लागला की सोडतं, आणि मग ज्या हाताला सोडलं त्याच हाताला सोडतं. हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी सुलतानबीचा मला हेवा वाटला, चांगलाच वाटला, माझी म्हैस आणि हिच्या हाताला. मग तो गेला. सुलतानबीनं पेलाभर दूध माझ्या हातात दिलं, कोमट, आणि मी ते उभ्यानं प्याले. चव वेगळी होती. रानातला पाला नव्हता त्यात, पेंड होती. पण चांगलं होतं.

रविवारी दुपारी चारला आबा म्हशी घेऊन टेकाडावर असतात, तिथंच तेवढी रेंज येते. मी आमच्या गच्चीवर गेले. खाली राजारामपुरीची दुकानं अर्धी बंद होती, कुठंतरी क्रिकेटची ओरड चालली होती. फोन लागला आणि आधी घंटा ऐकू आल्या, मग वारा, मग आबा.

"बोल."

"आबा, मी पिरी."

"म्हाईत हाय. बोल."

"सोमवारी अर्ज भरायचा हाय. दोन जागा हाईत. एक आपल्या घाटाखालची." मी थांबले. "मी हितली लिवणार हाय. शहरातली. मला हितंच ऱ्हायाचं हाय, आबा. घाटाखाली दुसरं कोन येईल का न्हाई मला ठावं न्हाय. आय काय म्हनंल त्ये बी ठावं न्हाय. पर मला हितं आवडतंय."

सांगून झालं. इतकी वर्षं दडवलेलं ते एवढंसंच निघालं, पाच-सहा वाक्यांचं. तिकडं घंटा वाजत राहिल्या. एखादी म्हैस लांब गेली असावी, आबांनी फोन बाजूला करून तिला हाकारलं आणि ते परत आले.

"गोठ्यावर गेलतीस?"

"व्हय. काल."

"पान्हा सोडती का?"

"सोडती की. पयले आठ दिस चोरला म्हनं. आता सोडती. माझ्या हाताला न्हाय, सुलतानबीच्या."

"तसंच असतंय त्ये," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज आला, जरा खाली, कुणी ऐकेल म्हणून दबल्यासारखा, आणि त्या टेकाडावर तर म्हशींशिवाय कुणी नसतं.

"आन् तू?"

"मी बी, आबा," मी म्हटलं. "मी बी."